तुलूझच्या पत्त्यावर

तोरेमोंते, फेब्रुवारी १९३७

एलादिओ,

नावाआधी ‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. हे पत्र हेर्वासिओ बोर्दोला जाणाऱ्या वाइनच्या व्यापाऱ्याकडे देणार आहे. तो म्हणे ते पुढे तुलूझला तुझ्या हातात पडेलसं करील. ‘चार लोकांच्या हातातून जाणार आहे, लाजेचं काही लिहू नकोस,’ असं हेर्वाने बजावलंय. मी म्हटलं, ‘लाज ज्याने बाळगायची तो सरहद्दीपलीकडे बसलाय. मी कशाला बाळगू?’

माझा भाऊ हेर्वा तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही, हे तुला कळू दे. मी बोलते. मी भांडी घासताना बोलते, वेली छाटताना बोलते, आणि पोरगी झोपली की उशीत तोंड खुपसून बोलते.

पिंपं बांधणारा माणूस नगरसेवक झाला म्हणून जमीनदारांना तू आधीच खुपत होतास. जुलैत सैनिकांनी नगरपालिका घेतली, तेव्हा तू टेकडीच्या पोटातल्या वाइनच्या तळघरात, पिंपांमागे जाऊन लपलास, तेही मला पटलं. धुण्याच्या टोपलीत पाव आणि भाजलेल्या मिरच्या लपवून मी तुला आणून देत होते. मग आपल्या दारासमोर सैनिकांचे साथीदार, दोन निळे सदरेवाले, येऊन बसायला लागले. तूच निरोप धाडलास, ‘तू येऊ नकोस, हेर्वाकडे दे. नगरपालिकेचा कारकून आहे, त्याच्यावर कोण संशय घेणार?’ त्या बिचाऱ्याने जीव मुठीत धरून, कचेरीच्या पिशवीत कागदांखाली घालून तुझं जेवण पोचवलं. आणि तू काय केलंस?

सप्टेंबरातल्या त्या सकाळी हेर्वा आला तो टोपी हातात घेऊन. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘कासिल्दा, तो गेला.’

‘नेला?’ मी विचारलं.

‘नाही. गेला. डोंगरातून फ्रान्सला.’ मग टोपीची कड चाचपत म्हणाला, ‘एकटा नाही गेला.’

मी आधी हसलेच. खरंच हसले. मग कळलं की शाळेतल्या एल्विराबाईंची खोलीही रिकामी आहे, घरमालकीण एउलोहिआने सकाळी दार उघडलं तर आत कुणी नाही.

एल्विराबाई! नगरपालिकेच्या माडीवर संध्याकाळी आम्हा बायकांना बसवून, माझा राकट हात आपल्या हातात धरून जिने मला ‘कासिल्दा’ लिहायला शिकवलं, ती बाई! तू रोज जिन्यात येऊन बसायचास. मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायची, ‘आमचा माणूस मला न्यायला येतो हो.’ आता कळलं कुणासाठी यायचास. आणि दैवाची चेष्टा बघ, तुला शिव्या द्यायची अक्षरंही मला तिचीच वापरावी लागतायत.

घर त्यांनी घेतलं. मी आणि लिबेर्ताद हेर्वाकडे राहतो. ज्यांच्या नवऱ्यांना नेलं त्या बायकांचं काय केलं, ऐकायचंय? डोकी भादरली, एरंडेल पाजलं आणि बँड वाजवत चौकातून फिरवलं. मलाही बोलावलं होतं. हेर्वाने हवालदाराच्या कानात काही सांगितलं. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, ‘नवऱ्याने टाकलेली आहे होय? हिला आणखी काय शिक्षा करायची! जा घरी.’

तेव्हा तुझ्या कृपेने माझे केस शाबूत आहेत. आभारी आहे.

कासिल्दा


तोरेमोंते, मे १९३९

एलादिओ,

हेर्वा सांगत आला की व्यापाऱ्याकडून पत्र तुला मिळालं, आणि उत्तर द्यायचं नाही म्हणालास. चांगलं केलंस. मीही उत्तरासाठी लिहीत नाही.

लढाई संपली. चौकात तीन दिवस बँड वाजतोय. नगरपालिकेच्या भिंतीवर जिंकलेल्या जनरलची तसबीर लागली. तुला आठवतं, राजा पळाला त्या एप्रिलात? हेर्वाने शिडी लावून राजाची तसबीर उतरवली, खाली आपण दोघांनी शिडी धरली होती, आणि तू ओरडत होतास, ‘सांभाळून रे, राजा पडला तर पडला, मेहुणा पडता कामा नये!’ सगळा चौक हसला होता. परवा तीच शिडी, तोच हेर्वा. फक्त सदरा निळा. मी म्हटलं, ‘तुला काही वाटत नाही?’ तर म्हणतो, ‘कासिल्दा, भिंतीत खिळा एकच असतो. तसबिरी येतात-जातात. गावाला खिळा लागतो.’

पोरीचं नाव बदललं. नवा हुकूम आहे, संतांच्या यादीत नसलेली नावं चालणार नाहीत. ‘लिबेर्ताद’ म्हणजे स्वातंत्र्य, ते तर मुळीच नाही. पाद्री म्हणाले, मिलाग्रोस ठेवा. हेर्वाने स्वतःच्या वळणदार अक्षरात नोंद केली. पोरगी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर मला विचारते, ‘आई, मग आधीची मुलगी कुठे गेली?’

मी म्हटलं, ‘बापाबरोबर गेली.’

आता ती तुझं नाव काढत नाही. शहाणी आहे.

कासिल्दा


तोरेमोंते, जुलै १९४७

एलादिओ,

रविवारी आम्हाला मतदानाला नेलं. स्पेन आता पुन्हा राजेशाही आहे म्हणे, फक्त राजा नाही. नवरा नसलेल्या लग्नासारखं. मला त्यात नवल वाटलं नाही, मी अकरा वर्षं तेच करतेय. मत दिलं नाही तर रेशनकार्डावर शिक्का नाही, म्हणून सगळ्यांनी दिलं.

पण लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी. फाउस्तिनो तुला ठाऊक आहे, चौकाच्या खालच्या अंगाला पावाची भट्टी आहे त्याची. त्याची बायको क्षयाने गेली. दुष्काळाच्या वर्षांत मिलाग्रोसच्या दप्तरात तो पाव घालायचा आणि तिला सांगायचा, ‘जळकाय, कुणी घेत नाही.’ जळका कधीच नसायचा. गेल्या महिन्यात त्याने मला भट्टीच्या मागल्या दारी थांबवलं. अंगभर पीठ होतं, ते झटकत राहिला आणि म्हणाला, ‘कासिल्दा, तुला माझ्याबरोबर राहायला आवडेल का? रीतसर, चर्चमध्ये लग्न करून.’

मी म्हटलं, ‘मला नवरा आहे ना रे बाबा. फ्रान्समध्ये.’

त्याने मान खाली घातली. ‘तुझा नवरा येणार नाही, कासिल्दा.’

‘ते मलाही कळतं. पण आहे तर खरा.’

त्याच्या ओठांवर काहीतरी होतं. मग भट्टीत पाव जळेल असं काहीतरी पुटपुटत तो आत गेला. भला माणूस आहे. माझं मन दुखवायला नको म्हणून थांबला.

पाद्रींकडे गेले. ते म्हणाले, नवरा मेल्याचा पुरावा आण, मी लावतो लग्न. राजा गेल्यावरच्या तुझ्या प्रजासत्ताकाने घटस्फोट दिला होता, तो यांनी काढून घेतला. म्हणजे मी विधवाही नाही, सवाष्णही नाही, सुटलेलीही नाही. हेर्वाने समजूत घातली, ‘कशाला या वयात नवीन संसार? इथे तुला काय कमी आहे?’ कमी काही नाही. त्याच्या बायकोचं धुणं, त्याच्या घरचा स्वयंपाक, त्याची आजारपणं, सगळं भरपूर आहे.

एलादिओ, देवळात मेणबत्ती लावून मी काय मागितलं, सांगू? तू मरावास. लवकर, आणि कागदासकट. तेवढं एक काम आयुष्यात माझ्यासाठी कर.

कासिल्दा


तोरेमोंते, ऑक्टोबर १९५७

एलादिओ,

मिलाग्रोसचं लग्न झालं. मुलगा बिल्बाओच्या पोलाद कारखान्यात आहे. वेदीपर्यंत तिला मामाने नेलं. हेर्वा आता गावचा महापौर आहे, छातीवर बिल्ले होते, छान दिसत होता. पाद्रींनी वडलांचं नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘लिहा, बेपत्ता.’ आवाज जरासुद्धा हलला नाही.

हे मी शिकवलंय तिला. चांगलं शिकवलंय.

फाउस्तिनो वसंतात वारला.

कासिल्दा


तोरेमोंते, डिसेंबर १९७५

एलादिओ,

जनरल गेला. हेर्वा रेडिओसमोर लहान पोरासारखा रडला, मग तोंड धुतलं आणि नव्या राजाची तसबीर मागवली. जुन्या राजाचा नातू. आपण तरुणपणी ज्याला उतरवलं त्याचा. वर्तुळ पुरं झालं म्हणायचं, आपण मात्र म्हातारे झालो.

लोक म्हणतात, आता गेलेले परत येतील. मेक्सिकोहून येतायत, फ्रान्सहून येतायत. तुला हे लिहायचं की नाही यावर मी आठवडा घालवला. लिहिते.

राग आहे का? आहे. पण पूर्वीसारखा धगधगीत नाही, द्राक्षांच्या काटक्यांच्या निखाऱ्यासारखा, वरून राख. तू यायचा असशील तर ये. बाईंना घेऊन यायचं असेल तर त्यांनाही आण. त्यांची सत्तरी आली असेल. मी दार लावून घेणार नाही. फक्त एकदा समोर बसून मला सांगायचं, की माझ्यात काय कमी होतं. तेवढं ऐकलं की मी तुम्हाला बटाट्याचा रस्सा वाढीन.

हेर्वाला पत्र दिलं तर त्याने घडी उलगडली नाही, नुसतं हातात धरून उभा राहिला. म्हणाला, ‘आता कशाला, कासिल्दा?’

कासिल्दा


तोरेमोंते, ऑगस्ट १९७७

एलादिओ,

सवयीने वर नाव लिहिलं आणि मग तासभर पुढे काही सुचेना. कुणाला लिहितेय मी?

सातुर्निनो आला. तुझ्या हाताखाली पिंपांना पट्ट्या ठोकायचा तो. बसमधून उतरला, चौकातल्या कारंज्यावर पाणी प्यायला, आणि चौकशी करत करत हेर्वाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

‘कासिल्दा, ओळखलंस?’

‘पोट ओळखीचं नाही, बाकी ओळखलं. फ्रेंचांनी बरंच पोसलंय तुला.’

तो हसला. मी त्याला वाइन दिली, पाव कापला. इकडचं तिकडचं बोललो. तो तुलूझला होता म्हणाला, इतकी वर्षं. माझ्या हातातली सुरी थांबली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, ‘एलादिओ कसा आहे?’

‘कुठला एलादिओ?’

‘आपला. तुलूझला नाही का तो? बाईंबरोबर.’

त्याने पेला खाली ठेवला. माझ्याकडे असं बघत राहिला, जशी मी चळलेय.

‘कासिल्दा,’ तो म्हणाला, ‘एलादिओ तुलूझला कधी पोचलाच नाही. मी त्याच ट्रकमध्ये होतो.’

मग त्याने सांगितलं. तुम्ही पाच जण होता. तळघरात तुला धरायला आले तेव्हा त्यांना शोधावं लागलं नाही, सरळ मागच्या पिंपापाशी गेले. एल्विराबाईंना त्यांच्या खोलीतून आणलं होतं, झग्यावर शाल, पायात काही नाही. ट्रकमध्ये तू बूट काढलेस आणि त्यांच्या पायात घातलेस. त्या नको म्हणत होत्या. तू म्हणालास, ‘बाई, माझ्या बायकोला अक्षरं दिलीत, बूट तर घ्या.’ चुनखडीच्या खाणीपाशी उतरवलं. सातुर्निनोचे हात सैल बांधले गेले होते, त्याने दरीत उडी मारली. वरून आवाज ऐकले. मग तो डोंगर ओलांडून गेला.

‘मी तुला लिहिलं नाही,’ तो म्हणाला, ‘इथे पत्र उघडून वाचायचे, तू गोत्यात आली असतीस. आणि मला वाटलं, तुला माहीत असेल. अगं, सगळ्या गावाला माहीत होतं.’

सगळ्या गावाला.

मी उठले आणि एउलोहिआकडे गेले. ती दारात शेंगा सोलत होती. मी म्हटलं, ‘बाईंना कुणी नेलं?’ तिने शेंगांवरून हात काढला नाही. ‘तू ओरडली असतीस, कासिल्दा. आणि ओरडलीस की तुलाही नेलं असतं.’

‘पहिल्या वर्षी ओरडले असते. विसाव्या वर्षी कोण नेत होतं मला?’

‘विसाव्या वर्षी कुठल्या तोंडाने सांगायचं?’ ती म्हणाली, आणि रडायला लागली. मला नाही रडू आलं.

फाउस्तिनोच्या ओठांवर काय होतं ते मला आता कळलं, एलादिओ. त्यालाही धीर झाला नाही.

मी तुझ्या मरणासाठी मेणबत्ती लावली होती.


दुसऱ्या दिवशी

दुपारी हेर्वाला जेवायला वाढलं. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच असतो टेबलावर. त्याने सूप तोंडात घातलं.

‘सातुर्निनो आलाय,’ मी म्हटलं.

चमचा थाळीत टेकला. ‘काय म्हणतो?’

‘तो जे म्हणतो ते म्हणतो. तू काय म्हणतोस?’

त्याने रुमालाने तोंड पुसलं. मग अगदी शांतपणे, सभेत अहवाल वाचावा तसं बोलला. ‘मला कचेरीत बोलावलं. समोर पिस्तूल नव्हतं, कॉफी होती. म्हणाले, प्रजासत्ताकाची चाकरी केलीस, तुझं नाव आमच्याकडे आहे. मेहुणा कुठे आहे ते सांग आणि घरी जा. माझी बायको तेव्हा पोटुशी होती, कासिल्दा. मी नसतं सांगितलं तर त्यांना आम्ही दोघंही सापडलो असतो. तो काही वाचणार नव्हता.’

‘पिंप कुठलं, तेही सांगितलंस.’

त्याने पावाचा तुकडा सुपात बुडवला.

‘बरं, घाबरलास. तेव्हा सगळेच घाबरले होते. पण मला विधवा का होऊ दिलं नाहीस? बाईंचं नाव का घेतलंस?’

‘त्या त्याच रात्री गेल्या होत्या,’ तो म्हणाला. ‘गोष्ट जुळत होती.’

जुळत होती! एलादिओ, माझा भाऊ असं म्हणाला.

‘तुझे केस वाचवले मी,’ त्याचा आवाज चढला. ‘नवऱ्यासाठी रडणारीला त्यांनी सोडलं नसतं. टाकलेलीला सोडलं. तुझी मुलगी माझ्या घरात वाढली, मामाच्या हाताने तिचं लग्न झालं. कुठल्या लाल बावटेवाल्याच्या मुलीला हे मिळालं?’

‘आणि नंतर? सैनिक गेले, उपासमार गेली, जनरलसुद्धा गेला. नंतर का नाही सांगितलंस?’

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. त्याचं तोंड आमच्या बापासारखं दिसत होतं. ‘विधवेला तोंड दाखवणं मला जमलं नसतं,’ तो म्हणाला. ‘टाकलेल्या बहिणीला दाखवता येत होतं. तू माझ्यापाशी येऊन त्याला शिव्या द्यायचीस, आणि मला वाटायचं, चला, निदान माझ्यावर हिचा जीव आहे.’

‘माझी पत्रं?’

‘चुलीत.’ मग म्हणाला, ‘वाचून.’

मी कमरेचा एप्रन सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याने विचारलं, ‘संध्याकाळी काय करणार आहेस?’ खरंच त्याने हे विचारलं. म्हातारा माणूस, त्याला संध्याकाळच्या जेवणाची काळजी पडली होती.

‘तुझं तू बघ, हेर्वा,’ मी म्हटलं, आणि बिल्बाओची बस पकडली.

मिलाग्रोसला मी सुरुवातीपासून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. धुतलेले कपडे घडी करत होती, ते करतच राहिली. तू त्या ट्रकमध्ये बाईंशी काय बोललास तिथे मात्र एका सदऱ्याची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली. मग म्हणाली, ‘आई, मला त्याचा चेहरा आठवतो. मी तुला कधी बोलले नाही. तुला त्रास होईल म्हणून मी तो विसरल्याचं सोंग करत होते.’

माझ्या घरातसुद्धा, बघ, सगळे मला सांभाळूनच घेत होते.


तोरेमोंते, मे १९७९

एलादिओ,

तुला काढलं.

सरकारने काही केलं नाही. नवं सरकार म्हणतं, जुन्या जखमा उकरू नका, सगळ्यांनी सगळं विसरू या. ज्यांना आठवायला काहीच दिलं नव्हतं, त्यांनी काय विसरायचं, हे कुणी सांगत नाही. सातुर्निनोने जागा दाखवली. तीन घरांची माणसं, आपापली कुदळ, आपापली घमेली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर दिला, त्याचा बाप तेव्हा निळ्या सदऱ्यात होता. तो दिवसभर दूर उभा राहिला, जेवायला बोलावलं तर आला नाही.

पाचांपैकी सातुर्निनो वजा, म्हणजे चौघं होता. तिघं एकावर एक आणि एक सांगाडा जरा बाजूला, लहान चणीचा. त्या लहान हाडांच्या पायांत मोठे बूट होते, टाचेला तू स्वतः ठोकलेले खिळे. मी खड्ड्यात उतरले. मिलाग्रोस ‘आई, नको’ म्हणत होती, पण उतरले. जिच्या नावाने मी चाळीस वर्षं बोटं मोडली, तिच्या पायांतले नवऱ्याचे बूट मी माझ्या हातांनी काढले आणि पुन्हा तिच्याच पेटीत ठेवले. ते तू तिला दिले होतेस.

बाईंच्या गावी, तिकडे आस्तुरिआसला, पत्र धाडलं होतं. उत्तर आलं की घराण्यात आता कुणी नाही. पाद्री नवीन आहेत, तरुण. त्यांनी विचारलं, ‘या कोण? यांच्यातर्फे कोण उभं राहणार?’ मी म्हटलं, ‘मी. या माझ्या बाई.’

आता हेर्वाचं सांगते, कारण तू विचारशील.

एप्रिलात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. हेर्वा उभा राहिला. नव्या पक्षाकडून, नव्या सदऱ्यात, ‘सर्वांचा महापौर’ अशी पत्रकं छापून. आणि निवडून आला. हो, आला. सगळं कळूनही लोकांनी मत दिलं. दफनभूमीत पुरायची परवानगी महापौराकडून घ्यावी लागते, तेव्हा तुझ्या परवानगीवर त्याची सही आहे. मिलाग्रोसने कागद आणला, मी बघितला नाही.

अंत्ययात्रेच्या दिवशी तो दफनभूमीच्या फाटकापाशी उभा होता. महापौराचा पट्टा, फुलांचं चक्र, हातात भाषण. त्र्याहत्तरीचा म्हातारा, काठी टेकत पुढे आला. चार पेट्या थांबल्या. अख्खं गाव थांबलं. त्याने कागद उलगडला.

‘आज, लोकशाहीच्या या पहाटे,’ त्याने वाचलं, ‘आपण आपल्या बांधवांना, ज्यांना दुर्दैवाने...’

‘हेर्वा,’ मी म्हटलं.

मोठ्याने नाही म्हटलं. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

‘दुर्दैवाला माहीत नव्हतं तो कुठल्या पिंपामागे बसलाय. बोल, मी अडवत नाही. पण बोलायचं तर सगळं बोल. कचेरीत कॉफी प्यालास तिथपासून.’

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलले. मला खरंच वाटलं, बोलेल. मला हवं होतं की त्याने बोलावं; मी त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, अर्धी क्षमा केली असती. मग त्याने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, फुलांचं चक्र फाटकाला टेकवलं आणि उताराने घरी गेला. पुरुष मंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. एउलोहिआ तेवढी पुढे आली आणि तिने बाईंच्या पेटीचा एक कोपरा धरला.

तुम्ही चौघं एका ओळीत आहात. दगडावर नावं आहेत, बाईंचं नाव मी सांगितलं त्या स्पेलिंगने.

हेर्वा अजून महापौर आहे. मी गावातच वेगळी राहते. चौकात दिसला तर मी रस्ता ओलांडत नाही, तोच ओलांडतो. त्याचं जेवण आता एक बाई येऊन करते, त्याला ते आवडत नाही असं कानावर आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कधी कधी बटाटे सोलताना हात दोघांपुरते सोलतो, आणि मग मी स्वतःवरच चिडते. तुझा सूड माझ्याकडून नीट उगवला गेला नाही, एलादिओ. तो माझा भाऊ होता.

मिलाग्रोस नोंदणी कचेरीत जाऊन आली. कारकुनाने विचारलं, ‘सत्तेचाळीसाव्या वर्षी नाव कशाला बदलता, बाई?’ ती म्हणाली, ‘बदलत नाहीये, परत घेतेय.’ तिचा नवरा अजून चुकून मिलाग्रोस म्हणतो आणि लगेच जीभ चावतो. मीही चुकते. तुला एकट्यालाच तिचं दुसरं नाव कधी माहीत नव्हतं.

कालच्या पावसाने तुमच्यावरची माती बरीच खचली आहे. उद्या सकाळी लिबेर्ताद आणि मी दोन घमेली माती घेऊन येतो.

तुझी,
कासिल्दा